आण्णांच्या तेवीस प्लेटा

मी तोंडाची फटकळ आहे, हे आधीच सांगून टाकते. म्हणजे पुढे जे सांगणार आहे ते ऐकून कुणाला वाटायला नको की दुःखामुळे बाई कडवट झाली. मी आधीपासूनच अशी आहे. गिऱ्हाइकं मला वचकून असतात आणि तरी येतात, कारण नावाची प्लेट, घड्याळाची पाठ, मापाची पट्टी, काहीही द्या, अक्षर आमच्यासारखं दुसरीकडे कोरून मिळत नाही. आता 'आमच्यासारखं' म्हणते, पण खरं म्हणजे ते अक्षर माझ्या वडिलांचं, आण्णांचं. मी त्यांच्या हाताखाली सव्वीस वर्षं काढली आणि त्यांच्या निम्मं शिकले.

निम्मंच, आणि यात माझ्या एकटीचा दोष नाही. आण्णा शिकवायचे कसे, तर "बघ" म्हणायचे. बघायचं काय, मशीनवर वाकलेली त्यांची पाठ? काही विचारलं की दुसऱ्यांदा "बघ" म्हणायचे आणि तिसऱ्यांदा चिडायचे. पितळेच्या पाट्या, अॅल्युमिनियम, तांबं आणि साधं स्टील ही रोजची कामं माझ्याकडे होती. काच, शिंपला, पातळ चांदी, गोल अंगठीची आतली बाजू अशी अवघड कामं त्यांनी स्वतःकडे ठेवली. मीही म्हटलं, असू दे बाबा, तुमचं तुम्हाला लखलाभ. आपल्याला काय, जन्म पडलाय शिकायला.

खाली दुकान आणि वर घर अशी आमची जागा. दुकानात खिडकीशी एक जुनं मशीन आहे. त्याला दोन हात आहेत असं समजा. एका हाताला बोथट पिन असते. ती पितळेच्या तयार अक्षरांच्या खाचेतून फिरवायची. दुसऱ्या हाताला हिऱ्याचं टोक असतं, ते तीच अक्षरं लहान करून प्लेटवर ओढतं. 'ओढतं' हा शब्द महत्त्वाचा. खोल कोरायचं असेल तर फिरणारं पोलादी हत्यार वेगळं असतं, तेव्हा मोटर चालू ठेवायची. हिऱ्याचं टोक लावलं की मोटर बंद. ते फिरवायचं नसतं, मागे स्प्रिंग असते तिच्या दाबानं नुसतं ओढायचं असतं. नव्वद अंशाचं टोक केसासारखी रेघ देतं पण नाजूक असतं, एकशेवीसचं जरा जाड रेघ देतं पण दणकट. कुठल्या धातूला कुठलं लावायचं, स्प्रिंग किती आवळायची, कुठून सुरुवात करायची, सगळी गंमत त्यात आहे. आण्णा टोक बसवण्याआधी अंगठ्याच्या नखावर हलकेच ओढून बघायचे. नखाची बारीक भुकटी निघाली तर टोक जिवंत, नुसतं घसरलं तर मेलेलं.

दोन वर्षांपूर्वी आण्णांच्या घशाचं ऑपरेशन झालं आणि आवाज कायमचा गेला. हात तर त्याआधीच थरथरायला लागले होते. मग शाळेतल्या पोरांसारखी पाटी आणि खडू आला. त्यावर ते लिहायचे आणि मी ओळखायची. 'पाणी', 'औषध', 'पंखा' एवढं कळायचं. दोन शब्दांपुढे गेलं की नुसती ओढाताण व्हायची, ते पुसायचे, परत लिहायचे, मग पाटी उलटी टाकून भिंतीकडे तोंड करून बसायचे. मला फार वाईट वाटायचं, आणि मला वाईट वाटलं की मी चिडते. त्यामुळे घरात एक मुका आणि एक चिडकी, असा आमचा संसार चालला होता.

एके दिवशी ते आपणहून खाली आले आणि जुन्या मशीनवर बसले. मी धावले, पण बघते तर हात मुळीच हलत नव्हता. म्हणजे हलत होता, पण पिन खाचेत बसलेली, ती त्याला इकडेतिकडे जाऊ देईना. प्लेटवर सरळ, सुरेख 'अ' उमटला. आण्णांनी माझ्याकडे पाहिलं. मी लगेच कडेला पडलेल्या पितळेच्या प्लेटा त्यांच्यापुढे ठेवल्या आणि म्हटलं, बसा, करा काय हवं ते.

त्या आठवड्यात त्यांनी दोन टोकं मोडली. दोन्ही वेळा मोटर चालू राहिली होती. ज्या माणसानं मला पहिल्या दिवशी मोटर बंद करायला लावली, तोच विसरला. हिऱ्याचं टोक म्हणजे काही खडू नव्हे, एक गेलं की महिनाभर जपून चालावं लागतं. मी कपाळाला हात लावला. मग मी एक हुशारी केली. ड्रॉवरमध्ये घासून बोथट झालेलं एक टोक होतं, परत धार करायला पाठवायचं म्हणून ठेवलेलं. ते मी आण्णांच्या मशीनला लावून दिलं. बोथट टोक सहसा मोडत नाही, प्लेटवर नुसतं घसरतं. मनात म्हटलं, म्हाताऱ्याचा वेळ जातोय ना, मग उमटलं काय आणि न उमटलं काय.

आण्णांनी ते नखावर ओढलं. परत ओढलं. मग पाटीवर लिहिलं, 'टोक मेलंय.' तेवढं स्पष्ट वाचता आलं मला.

"नवीन आहे ते, आण्णा," मी म्हटलं. "तुमच्या नखालाच आता कळत नाही."

असं बोलले मी. जिभेला हाड नसतं म्हणतात ते माझ्यासारख्यांसाठीच. आण्णांनी आपला अंगठा उजेडात धरून बराच वेळ पाहिला आणि कामाला लागले.

त्यानंतर साडेचार महिने ते रोज बसले. आठवड्याला एक प्लेट, कधी दोन. पूर्ण झाली की टेबलाखालच्या खोक्यात उभी लावायची आणि पुढची घ्यायची. मी कधी वाकून पाहिलं नाही. एक तर अर्धं काम कुणी बघितलेलं त्यांना खपायचं नाही, आणि दुसरं म्हणजे बघण्यासारखं काही नव्हतंच. लांबून प्लेट कोरीच दिसायची. मध्ये पितळेच्या पत्र्याची टंचाई झाली. खोक्यात इतक्या चांगल्या प्लेटा नुसत्या पडून, म्हणून मी त्यातल्या काढत गेले. पॉलिशच्या चाकावर एक हात फिरवला की आरशासारख्या व्हायच्या. त्यावर गिऱ्हाइकांची नावं कोरून द्यायची. समोरच्या औषधवाल्याची प्लेट त्यातलीच, दातांच्या डॉक्टरांचीही त्यातलीच. खोकं रिकामं होतंय हे आण्णांना दिसत होतं. पण रागावायचं सोडून ते खुशीत असायचे. त्या दिवसांत जेवायचेही नीट. एकदा तर मी खोक्यातून प्लेट काढताना त्यांनी माझ्या डोक्यावर टपली मारली, लहानपणी मारायचे तशी. मी म्हटलं चला, म्हातारबुवांना काम मानवलं.

मग एका सकाळी हिरेवाले काका आले. हे आम्हाला टोकं पुरवतात आणि बोथट झालेली धार करून देतात. आण्णांचे जुने दोस्त. जन्मभर हिरे विकले पण बायकोच्या अंगावर एक चढवता आला नाही, असं ते स्वतःच सांगून हसतात. आण्णा तेव्हा वर होते. धार करायची टोकं मी काकांपुढे मांडली. त्यांनी डोळ्याला भिंग लावून एकेक पाहिलं, आणि सवयीनं जुन्या मशीनवरचंही पाहिलं. म्हणाले, हे कशाला लावून ठेवलंय, याच्यात काही राम उरला नाही. मी त्यांना माझी हुशारी सांगितली. हसत हसत सांगितली, हे आता आठवलं की अंगावर काटा येतो.

काका हसले नाहीत. त्यांनी मशीनवरची प्लेट सोडवली, दिव्याखाली नेली आणि आडवी, तिरकी करत राहिले. प्लेटवर बोटभर काळी शाई चोळून फडक्यानं पुसली. मग भिंगातून एकेक अक्षर लावत त्यांनी वाचायला सुरुवात केली.

"तेवीस. शिंपला. टोक एकशेवीसचं. स्प्रिंग ढिली. कडेकडून आत ये. आतून कडेला जाऊ नकोस, कपचा उडतो." काकांनी भिंग काढलं. "हे तुझ्यासाठी आहे. बाकीच्या बावीस कुठे आहेत?"

खोकं ओढून पाहिलं. त्यात दोन प्लेटा होत्या, त्याही त्याच सकाळी पॉलिश करून मीच परत ठेवलेल्या. काकांनी पिशवीतून एक नवं टोक काढून टेबलावर ठेवलं आणि नंतर येतो म्हणून गेले. दोन शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं.

मी रस्ता ओलांडून औषधवाल्याच्या दारात गेले. पायरीवर चढून, मान वाकडी करून त्याची प्लेट उन्हात पाहिली. त्याच्या नावाच्या मागे, कोपऱ्यात, कुठेतरी रेघ राहिली असेल. नखानं चाचपून पाहिलं. तो आतून विचारत होता की काही चुकलंय का. काही चुकलं नव्हतं. पॉलिश माझ्या हाताचं होतं, एक रेघसुद्धा शिल्लक नव्हती. तिथून डॉक्टरांकडे गेले, तिथेही तेच.

परत येऊन मी नवं टोक जुन्या मशीनला बसवलं. आण्णा दुपारची झोप काढून खाली आले, खुर्चीत बसले, आणि नेहमीसारखं टोक नखावर ओढलं. नखाची भुकटी निघाली. ती त्यांनी मला दाखवली. चेहरा असा उजळला की बस. पाटी घेऊन लिहिलं, आज अक्षरही जरा बरं आलं होतं: 'आता जिवंत.' पुसून परत लिहिलं: 'आधीची वाचलीस?'

आता कळलं, खोकं रिकामं होताना हा माणूस खूश का होता. मी प्लेट काढते म्हणजे वाचते, पाठ करते, आणि मग पत्रा वाया जायला नको म्हणून पुसून कामाला लावते, असं समजून चालले होते ते. साडेचार महिने त्यांना वाटत होतं की मी त्यांच्याकडून शिकतेय.

मी "हो" म्हटलं. दुसरं काय म्हणणार होते? त्या चेहऱ्याकडे बघून तुम्हीही तेच म्हटलं असतं.

आण्णा मिश्कील हसले आणि परीक्षा घ्यायला लागले. पाटीवर '१' लिहिला. मी म्हटलं पितळ, नव्वदचं टोक, स्प्रिंग मध्यम. मान हलली. '२' अॅल्युमिनियम असणार, तेही बरोबर आलं. तांबं आलं, स्टीलही आलं. ते तर मला येतच होतं. माझी रोजची कामं. मला वाटलं, सुटले. मग त्यांनी लिहिलं, '५ काच.'

काच मी जन्मात केली नव्हती. मी म्हटलं, टोक एकशेवीसचं. त्यांनी हातानं विचारलं, पुढे? मी म्हटलं, पाणी सोडायचं. पुढे? पुढचं मला माहीतच नव्हतं. त्यांना वाटलं, विसरले. कपाळावर बोट आपटून चिडवलं मला, आणि '८' लिहिला. मग '११'. मग '१४'. प्रत्येक आकड्याला ते माझ्या तोंडाकडे बघत होते, आणि हसू थोडं थोडं उतरत होतं. चौदाच्या पुढे त्यांनी लिहिलं नाही. त्यांनी खोक्याकडे पाहिलं, मग कोपऱ्यातल्या पॉलिशच्या चाकाकडे पाहिलं, आणि मग माझ्याकडे.

"आण्णा, मी एकही वाचली नाही," मी म्हटलं. "टोक मेलेलंच होतं. मी मुद्दाम लावलं होतं. तुमच्या नखाला सगळं कळत होतं."

ते रागावतील म्हणून मी वाट बघत होते. रागावले असते तर पाय धरता आले असते. त्यांनी पाटी मांडीवर घेतली आणि खूप वेळ लावून, पुसत पुसत, एक ओळ लिहिली. 'मला वाटलं तू रोज वाचतेस.' बस. माझ्या रडण्याचं सांगत नाही, ते सांगण्यासारखं नव्हतं.

थोड्या वेळानं त्यांनीच हात पुढे करून कोरी प्लेट मागितली. अक्षरं लावायला घेतली. मी म्हटलं, आज राहू दे, उद्या करू. ऐकतील तर आण्णा कसले. मोटर बंद आहे ना ते त्यांनी दोनदा पाहिलं, मलाही दाखवलं. मग पाचचा आकडा ओढला, त्यापुढे 'काच' ओढलं. नव्या टोकाची रेघ लख्ख उमटली. 'टोक' शब्दाची अक्षरं ते शोधत होते तेवढ्यात त्यांना दम लागला. बोटानंच खूण केली, उद्या.

रात्री ताप भरला आणि सकाळी त्यांना दवाखान्यात न्यावं लागलं. छातीत पाणी झालं होतं. तिथे ते नऊ दिवस होते. पहिले दोन दिवस नुसते पडून. तिसऱ्या दिवशी पाटी मागितली आणि तेव्हापासून सुरू झालं. ते लिहायचे, मी वाचायला बघायची, कळायचं नाही. खाच नव्हती ना तिथे हात धरून ठेवायला. आडव्यातिडव्या रेघा नुसत्या. कधी एखादा 'का' ओळखू यायचा, कधी 'पा'. काच आणि पाणी, का आणखी काही, देव जाणे. मी जुनं मशीन तिथे उचलून न्यायचंही मनात आणलं. चार माणसांना हलत नाही ते, आणि त्यांना तर उठून बसवतही नव्हतं. हिरेवाले काका येऊन बसले, त्यांनाही लागेना. काका म्हणाले, काचेचं मी तुला कुणाकडून तरी विचारून सांगतो. आण्णांनी मान फिरवली. दुसऱ्याचं नको होतं त्यांना.

प्रत्येक वेळी मी म्हणायची, नाही कळलं आण्णा. ते पुसायचे आणि परत लिहायचे. घामाघूम व्हायचे. सिस्टर माझ्यावर वैतागली. म्हणाली, कळलं म्हणा ना, तुमचं काय जातं, त्यांच्या जिवाला तेवढीच शांती. तिचं बरोबर होतं. कुणीही हेच सांगितलं असतं. पण मी दोनदा त्यांच्याशी खोटं बोलले होते, एकदा टोकं वाचावीत म्हणून आणि एकदा त्यांना बरं वाटावं म्हणून. तरी नवव्या दिवशी दुपारी त्यांचा श्वास असा चालायला लागला की माझ्याच्यानं बघवेना. त्यांनी पाटी माझ्यापुढे धरली. नुसत्या रेघा.

"कळलं, आण्णा," मी म्हटलं.

त्यांचा हात थांबला. त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. मग पाटी फुंकून, बाहीनं पुसून माझ्या मांडीवर ठेवली आणि खडू माझ्या हातात दिला. लिहून दाखव, म्हणत होते. शेवटपर्यंत मास्तर.

मी खडू धरून बसले. काय लिहिणार होते? ते वाट बघत होते, डोळे माझ्या बोटांवर. मी लिहिलं, 'नाही कळलं. काहीच नाही कळलं.' आणि पाटी त्यांच्या तोंडासमोर धरली.

आण्णांनी दोन्ही ओळी वाचल्या. मग माझा खडूचा हात धरला, आणि धरूनच पडून राहिले. पुढे काही मागितलं नाही. संध्याकाळी दिवे लागायच्या सुमाराला गेले.

काचेचं काम घेऊन अजून लोक येतात. त्यांना मी सांगते, आमच्याकडे काच होत नाही, आण्णा होते तेव्हा व्हायची.